इंदूर : १० बाय ११ च्या भाड्याच्या खोलीत ३० हजारांत होम थिएटर होईल का?

होईल, आणि चांगलं होईल. फक्त तुम्ही दिलेली यादी उलटी करा. तुम्ही लिहिलंय, आधी 'दहा हजार लुमेन'चा (लुमेन म्हणजे प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) प्रोजेक्टर, मग १०० इंची पडदा, मग ५.१ चा म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर असलेला सेट, आणि पैसे उरले तर खिडकीला जाड पडदे. माझ्या मते खिडकी आधी, आवाज त्यानंतर आणि प्रोजेक्टर सगळ्यात शेवटी. एवढ्याशा खोलीत चित्र कसं दिसेल हे निम्मं तरी खोलीच ठरवते.

बाकी तुमची अडचण मला समजली ती अशी : लोकमान्य नगरात वरच्या मजल्यावर भाड्याची खोली, एक खिडकी, भिंतीत खिळा ठोकायची मनाई, खाली घरमालकांचं बिऱ्हाड, बघणारे तीन-चार जण, बघायचं बहुतेक रात्रीच. आणि मराठी सिनेमा इथे लागला तरी गैरसोयीच्या वेळेला एखादा खेळ, तोही बघता बघता उतरतो, म्हणून हा खटाटोप. हे शेवटचं दुखणं आपल्या सगळ्यांचंच आहे. ज्या शहरात चौकांना रीगल, मधुमिलन अशी टॉकीजांची नावं आहेत आणि एक आख्खा रस्ता सपना-संगीताच्या नावाने ओळखला जातो, तिथे मराठी माणसाला सिनेमासाठी स्वतःची खोली अंधारी करावी लागते! असो.

एक गोष्ट आधीच सांगतो. घरात दिवसा क्रिकेट किंवा बातम्या बघायच्या असतील तर प्रोजेक्टरच्या वाटेला जाऊ नका, तेवढ्या पैशांत मोठ्यात मोठा टीव्ही घ्या. उजेडात स्वस्त प्रोजेक्टरचं चित्र धुतल्यासारखं फिकं दिसतं, त्यावर इलाज नाही. तुम्ही रात्रीचे प्रेक्षक आहात म्हणून पुढचं लिहितोय.

प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. पडद्यावर जो काळा दिसतो तो म्हणजे प्रकाश न पडलेलं पांढरं कापड. खोलीतले दिवे घालवल्यावर ते कापड जितकं काळं दिसतं, त्याहून काळं तुमच्या सिनेमात काही दिसणार नाही, मग प्रोजेक्टर लाखाचा का असेना. खिडकीतून येणारा रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड हा एक चोर. दुसरा चोर कुणाच्या लक्षात येत नाही : पडद्यावरच्याच उजळ दृश्याचा प्रकाश पांढऱ्या छतावर आणि बाजूच्या भिंतींवर आपटून परत पडद्यावर येतो आणि चित्राचा अंधारा भाग राखाडी करून टाकतो. रामबागेत आमच्या खोलीत मी पडद्यालगतच्या दोन्ही भिंतींना तीन-तीन फूट गडद निळं कापड सोडलंय. एका बाजूचं कापड सरकवलं की त्या बाजूचे रात्रीचे प्रसंग लगेच पांढुरके होतात. पाहुण्यांना हा खेळ करून दाखवायला मजा येते.

कापडासाठी सीतलामाता बाजार किंवा क्लॉथ मार्केट. पडद्यांच्या दुकानात 'ब्लॅकआउट' म्हणून मागा. खिडकीच्या दांडीवरून सोडलेल्या पडद्याच्या वरून आणि कडांनी उजेड गळतोच, म्हणून कडेने वेल्क्रोची पट्टी लावून कापड चौकटीला चिकटवा. पट्टी खिडकीच्या लाकडाला किंवा ॲल्युमिनियमला लावायची, भिंतीला नाही. डिस्टेंपरवर ती धरत नाही, आणि धरली तर निघताना रंगाचे पापुद्रे घेऊन निघते. मग डिपॉझिट गेलं समजा.

आता पडद्याचा आकार. तुमची खोली लांबीला ११ फूट. पाठीमागे थोडी जागा सोडून बसलात तर डोळे पडद्यापासून साधारण आठ फुटांवर येतात. तिथून ८० इंची चित्र (इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात), म्हणजे १७७ सेंटीमीटर रुंद आणि १०० सेंटीमीटर उंच, नजरेचा सुमारे ४० अंशांचा कोन भरतं. थिएटरातल्या चांगल्या रांगेत बसल्यासारखं. १०० इंची केलंत तर हा कोन ४९ अंशांच्या आसपास जातो. डोळे सारखे इकडून तिकडे फिरतात आणि सबटायटल वाचायला मान खाली करावी लागते. शिवाय त्याच प्रोजेक्टरचा उजेड दीडपट जागेवर पसरून पातळ होतो.

उजेडाचा हिशेब सोपा आहे. डिजिटल थिएटरसाठी पडद्यावरच्या उजेडाचं ठरलेलं प्रमाण ४८ निट आहे (निट म्हणजे पडदा किती उजळ दिसतो त्याचं माप). अंधाऱ्या खोलीत, साध्या पांढऱ्या पडद्यावर तेवढा उजेड पाडायला एका चौरस मीटरला साधारण १५० लुमेन लागतात. ८० इंची पडदा पावणेदोन चौरस मीटरचा, म्हणजे २७० लुमेनच्या आत-बाहेर. १०० इंचीला ४१५ लागतील, १२० इंचीला ६००. म्हणजे तुमच्या खोलीला खरे ३०० ते ४०० लुमेन भरपूर झाले. 'खरे' म्हणजे ज्यांच्यापुढे 'ॲन्सी' असं लिहिलेलं असतं ते. खोक्यावरचे नुसते दहा हजार, पंधरा हजार लुमेन म्हणजे पूर्वी टेप-रेकॉर्डरवर 'पीएमपीओ' वॉट छापायचे त्यातला प्रकार. त्या आकड्यावरून काहीच कळत नाही.

तशीच दुसरी शब्दांची चलाखी म्हणजे '१०८०पी सपोर्टेड'. याचा अर्थ एवढाच की मशीन तो व्हिडिओ आत घेतं. दाखवतं मात्र स्वतःच्या पॅनलवर जितके ठिपके असतील तितकेच. तुम्हाला 'नेटिव्ह' १९२० बाय १०८० हवं. दुकानात जाताना पेनड्राइव्हवर पांढऱ्या पानावर बारीक अक्षरं असलेलं एक चित्र घेऊन जा आणि चारी कोपऱ्यांतली अक्षरं वाचून बघा. स्वस्त लेन्स मध्यभागी झकास असते आणि कोपऱ्यात घसरते. त्याच पेनड्राइव्हवर एखादा अंधारा प्रसंगही ठेवा. दुकानदार नेहमी फुलपाखरं आणि समुद्रच लावतो. महाराणी रोडवर शांतपणे सांगितलंत की 'भिया, एक मिनिट माझं लावून बघू', तर सहसा कुणी नाही म्हणत नाही.

मशीन कुठे ठेवायचं यावर मात्र नीट डोकं लावा, कारण या किमतीच्या प्रोजेक्टरला लेन्सचा झूम नसतो. माहितीपत्रकात 'थ्रो रेशो' दिलेला असतो, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या किती पट अंतरावर लेन्स ठेवायची तो आकडा. तो १.२५ असेल तर १७७ सेंटीमीटर रुंद चित्रासाठी लेन्स पडद्यापासून २२१ सेंटीमीटरवर, म्हणजे सव्वासात फुटांवर लागेल. तुम्ही बसणार आठ फुटांवर. म्हणजे मशीन तुमच्या डोक्याच्या थोडं पुढे येतं. मागच्या कपाटावर ठेवलंत तर चित्र आपोआप १०० इंचाच्या घरात जाईल. मग लोक मेनूतून ते लहान करतात, त्यात ठिपकेही जातात आणि उजेडही. कीस्टोनचंही तेच. तिरकं ठेवून मेनूतून चौकोन सरळ केला की चित्राचा काही भाग फुकट जातो. सगळ्या दुरुस्त्या शून्यावर ठेवून ज्या उंचीवर चौकोन आपसूक सरळ येतो, ती या मशीनची जागा. खिळ्याविना ते साधायचं तर खुर्च्या-सोफा विसरा, गाद्या आणि लोड टाकून खाली बसा. मग मधल्या दोघांत थोडं अंतर ठेवून तिथे ट्रायपॉड उभा राहतो आणि प्रकाशाची वाट डोक्यांच्या वरून जाते. पडद्याची खालची कड जमिनीपासून दोनेक फूट ठेवा.

मशीनच्या पंख्याच्या मागे वीतभर मोकळं सोडा. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हे डबे चांगलेच तापतात. शक्य असेल तर आतला भाग सीलबंद असलेलं मॉडेल घ्या, नाहीतर पॅनलवर धुळीचा ठिपका बसला की तो प्रत्येक नायिकेच्या गालावर दिसतो.

पडदा विकत घेऊ नका, करून घ्या. पडद्यांच्या अस्तराचं पांढरं ब्लॅकआउट कापड बहुतेक ४८ किंवा ५४ इंच पन्ह्याचं मिळतं. ते आडवं धरलं की १०० सेंटीमीटर उंची बिनजोड निघते, सव्वादोन मीटर कापडात काम होतं. (१०० इंची पडद्याला १२५ सेंटीमीटर उंची लागते, म्हणजे ४८ पन्हा पुरत नाही आणि जोड आला की शिवण चित्रात दिसते.) सुताराकडून पट्ट्यांची हलकी चौकट करून घ्या, कापड मागून ताणून स्टेपल करा आणि पुढून कडेला दोन-तीन इंच काळ्या मखमलीची पट्टी लावा. मखमल कंजूषपणा करून सोडू नका. कडेला सांडलेला प्रकाश ती गिळते आणि चित्र एकदम कापल्यासारखं स्वच्छ दिसतं. चौकट दोन स्टुलांवर भिंतीला टेकवून उभी करायची, खिळा नको. कलली तर चौकोनही कलतो, म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी सारून ओळंब्यात आणा.

आवाजाला मी प्रोजेक्टरच्या आधी पैसे बाजूला काढीन. फिकं चित्र माणूस दहा मिनिटांत विसरतो, न कळलेला संवाद विसरत नाही. मराठी सिनेमात तर अर्धी गंमत बोलण्यात असते. खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक जोराची टाळी वाजवा. मागे 'टर्रर्र' असा बारीक आवाज घुमला तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवताहेत. अशा खोलीत महागडा स्पीकरही न्हाणीघरातल्या गाण्यासारखा ऐकू येतो. उपाय घरातलेच : जमिनीवर सतरंजी आणि गाद्या, मागच्या भिंतीशी पुस्तकांची मांडणी किंवा उभी गादी, बाजूच्या भिंतींवर जाड रजई. रजई नेमकी कुठे हवी ते आरशाने शोधता येतं. तुम्ही जागेवर बसा, दुसऱ्याला बाजूच्या भिंतीला चिकटवून आरसा सरकवायला सांगा. आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथे रजई. अंड्यांचे ट्रे लावायच्या फंदात पडू नका, त्याने खाली जाणारा आवाज थांबत नाही.

५.१ नको. मागचे स्पीकर तुमच्या कानाला जवळजवळ चिकटतील, आणि स्वस्त सेटातले ते मुठीएवढे डबे ना धड बोलत ना धड गात. दोन बरे स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या उंचीवर, तोंडं किंचित आत वळवून. घराच्या माळ्यावर जुनी म्युझिक सिस्टिम पडली असेल तर ती आधी उतरवा. तिला मागे 'ऑक्स'ची जागा असेल तर प्रोजेक्टरच्या हेडफोनच्या छिद्रातून एक वायर टाकली की झालं. ब्लूटूथ वापरू नका, त्यात आवाज मागे पडतो आणि ओठ आधी हलतात. ॲपमध्ये किंवा स्टिकमध्ये (टीव्हीला लावून ओटीटी बघायची छोटी कांडी) आवाजाची निवड असेल तर 'स्टीरिओ' किंवा 'पीसीएम' ठेवा. दोन स्पीकरवर संवाद त्याने जास्त मोकळे येतात.

वूफर घेतलात तर कोपऱ्यात कोंबू नका. १० फुटांच्या खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतींमध्ये फुगतो, कोपऱ्यात तो आणखी फुगतो आणि सगळा सिनेमा एका सुरात धमधमतो. खाली घरमालक आहेत हे वेगळंच. जाड आवाजाला सतरंजी अडवत नाही, तो स्लॅबमधून थेट काकांच्या उशाशी जातो. मी तुमच्या जागी असतो तर वूफर घेतलाच नसता.

प्रोजेक्टरच्या आतल्या ॲपवर विसंबू नका. बऱ्याच स्वस्त मशीनना 'वाइडवाइन एल १' ही परवानगी नसते, मग पैसे भरूनही मोठ्या ओटीटींचं चित्र जुन्या टीव्हीच्या दर्जाचं मिळतं. नावाजलेली स्टिक एचडीएमआयला लावा, प्रश्न मिटतो.

पैशांचं गणित ढोबळ मानाने असं बसेल : कापड, चौकट, शिलाई मिळून साडेतीन हजार, स्पीकर आठ-साडेआठ, स्टिक तीन, आणि प्रोजेक्टरला चौदा-साडेचौदा. माळ्यावरची सिस्टिम चालली तर वाचलेले पैसे प्रोजेक्टरमध्ये घाला, पडदा मोठा करण्यात नाही. पक्कं बिल घ्या आणि सर्व्हिस सेंटर इंदुरात आहे का ते पैसे देण्याआधी विचारा. यातला कुठलाही डबा दुरुस्तीसाठी बाहेरगावी पाठवायचा म्हणजे महिनाभर अंधारात नुसतं बसायचं.

खिडकी ११ फुटी भिंतीला आहे की १० फुटी, ते तुम्ही लिहिलेलं नाही. १० फुटी भिंतीला असेल तर पडदा त्याच भिंतीवर, खिडकी झाकून उभा करा. एकाच चौकटीत दोन्ही कामं होतील. आणि दार कुठल्या बाजूला उघडतं तेही कळवा, मग ट्रायपॉडची जागा नक्की सांगता येईल.