नवी चेन, तरी ढिली का? (वाचकांचे प्रश्न, गॅरेजची उत्तरं)

प्रश्न : नमस्कार काका, मी मूळचा सांगलीचा, सध्या न्यू जर्सीत एडिसनला असतो. शेजारी एक रिटायर्ड अमेरिकन आजोबा आहेत, त्यांच्या गॅरेजमध्ये शनिवार-रविवार आम्ही दोघं ड्रॅग रेससाठी शेव्हरोलेचं ३५० स्मॉल ब्लॉक (आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन) बांधतोय. ब्लॉक जुना, लोखंडी. क्रँकची बेअरिंग खालून धरणाऱ्या दोन बोल्टच्या मेन कॅप काढून चार बोल्टच्या बसवल्या आणि मशीन शॉपमधून क्रँकची भोकं एका रेषेत कापून घेतली, म्हणजे लाइन बोअरिंग करून आणलं. डबल रोलर टायमिंग सेट (केम फिरवणारी दुहेरी चेन आणि तिचे दोन स्प्रॉकेट) नवा कोरा, पण लावल्यावर चेन बोटाने दाबली तर दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आत जाते. सेट बदलून आणला, दुसरा पण तसाच. आजोबा म्हणतात चालतंय, थोडी लूज सगळ्यांचीच असते. दोन्ही सेट खराब निघाले असतील का?

उत्तर : दोन नवे सेट एकसारखेच ढिले निघाले ना, मग सेटला शिव्या देणं आधी थांबवा. तुमच्या पत्रातच उत्तर आहे, "लाइन बोअरिंग करून आणलं".

बघा, या इंजिनात क्रँकच्या सेंटरपासून केमच्या सेंटरपर्यंतचं अंतर कंपनीकडून ४.५२१ इंच असतं, म्हणजे ११४.८ मिलिमीटर. क्रँक पिस्टनने फिरतो, केम व्हॉल्व्ह उघडतो; केम वर, क्रँक खाली. आता नव्या कॅप बसवल्या की मेनची भोकं गोल राहात नाहीत आणि एका रेषेतही राहात नाहीत, म्हणून बोअरिंगवाला बार घालून परत साइझला आणतो. तो शहाणा असेल तर जास्तीत जास्त मटेरियल कॅपमधून काढतो, पण ब्लॉकच्या बाजूने थोडं तरी जातंच, आणि जेवढं जातं तेवढा क्रँक वर सरकतो, केमच्या जवळ. चेन तेवढीच, अंतर कमी झालं, मग ढिली नाही होणार तर काय.

आता लोकांना वाटतं ५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) म्हणजे किती, ०.१३ मिलिमीटर सुद्धा नाही धड, त्याने काय फरक पडतो. पण हिशोब करून बघा. ५ थाऊ जवळ आलं की चेनच्या दोन्ही बाजू मिळून १० थाऊ म्हणजे ०.२५ मिलिमीटर जास्तीची होते, आणि एक बाजू ताणलेली असताना हे सगळं दुसऱ्या बाजूला जमा होतं. ती बाजू मधोमध दाबली तर किती आत जाईल? जवळजवळ पावणेचार मिलिमीटर! एका सुताच्या वर. त्यात नव्या चेनचा स्वतःचा थोडा प्ले धरा, की आलंच तुमचं दीड सूत. म्हणून माझा अंदाज की तुमचा क्रँक ५ थाऊच्या आसपास वर गेलाय. अंदाजच आहे हां, सेट मागवायच्या आधी मशीन शॉपला फोन करून विचारा की सेंटर किती हललं, चांगल्या शॉपकडे ही नोंद असते आणि नसली तर त्यांनी परत मोजून द्यायला पाहिजे.

इलाज सोपाय. अशाच ब्लॉकसाठी कमी सेंटरचे सेट तयार मिळतात, मायनस ५ आणि मायनस १० थाऊचे. अमेरिकेत राहताय तर ऑर्डर करणं हा काही प्रश्नच नाही. एक कडी काढून बघू का असं कुणी सुचवलं तर हसून सोडून द्या, कडी म्हणजे कित्येक मिलिमीटर आणि आपली चूक पाव मिलिमीटरची.

पण "जास्त टाइट तेवढं चांगलं" म्हणून डोळे झाकून मायनस १० मागवू नका. चेन तारेसारखी ताणली तर केमच्या पुढच्या बेअरिंगवर आणि पहिल्या मेनवर सतत ओढ राहते, चेन पण लवकर झिजते. चेन हाताने, पाना न लावता चढली पाहिजे आणि चढल्यावर थोडासा जीव राहिला पाहिजे. आणि कधी पुढे ॲल्युमिनियम ब्लॉक केलात तर अजून सांभाळून, कारण ७० डिग्रीने तापला की ॲल्युमिनियम त्या ११४ मिलिमीटरमध्ये चेनच्या स्टीलपेक्षा साधारण ०.०९ मिलिमीटर जास्त फुगतो, म्हणजे गार असताना टाइट लावलेली चेन गरम झाल्यावर किंचाळते. तुमचा लोखंडी आहे, तुम्हाला एवढी चिंता नाही.

नवा सेट लावल्यावर एकाच जागी दाबून खूश होऊ नका. क्रँक हळूहळू फिरवत सहा-आठ फेऱ्या द्या आणि दर पाव फेरीला चेन दाबून बघा. एखाद्या जागी टाइट आणि दुसरीकडे लूज लागली तर कुठलातरी स्प्रॉकेट सेंटरबाहेर कापलेला आहे. कुठला ते ओळखायची युक्ती सांगतो, टाइट जागा क्रँकच्या दर फेरीला येत असेल तर खालचा, दोन फेऱ्यांनी एकदा येत असेल तर वरचा, कारण केम अर्ध्या स्पीडने फिरतो. नंतर डायल गेज लावून खात्री करा.

आजोबांच्या "चालतंय"बद्दल. रस्त्यावरच्या गाडीत चालतं, खोटं नाही. केम मागे पडला असेल तर डिग्री व्हील (क्रँकवर लावायची अंशांची चकती) लावून तो सेटही करता येतो, पण डिग्री व्हील सांगतं ते इंजिन उभं असतानाचं. ७००० आरपीएमला ढिली बाजू चाबकासारखी फडफडते, केम कधी पुढे कधी मागे, आणि या इंजिनात डिस्ट्रिब्युटर केमवरूनच फिरतो म्हणजे स्पार्क पण त्याच्याबरोबर नाचतो. टायमिंग लाइट (स्पार्कबरोबर लुकलुकणारा दिवा) मारलात तर खूण एका जागी थांबतच नाही. आजोबा ब्रॅकेट रेस करणार असतील तर गाडी क्वार्टर माइलला किती सेकंद घेईल ते आधी काचेवर लिहून द्यायचं असतं आणि त्याच्या जास्तीत जास्त जवळ पळायचं असतं, मग असल्या नाचऱ्या इंजिनावर काय लिहिणार ते.

अजून दोन-तीन गोष्टी, उघडलंच आहे तर. खालचा स्प्रॉकेट क्रँकवर हातोड्याने ठोकू नका. मी तरुणपणी ठोकलाय, गेला एकदाचा, पण तो प्रत्येक ठोका क्रँकला पुढेमागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगने खाल्ला होता आणि इंजिन परत उतरवावं लागलं. चावीच्या गाळ्यावरचा (की-वेवरचा) बर, म्हणजे धातूची कुसं, काढायचा, स्प्रॉकेट ओव्हनमध्ये तापवायचा (घरच्यांना विचारून) आणि जाड हातमोजे घालून सरकवायचा. पूर्ण बसला का बघा, मग दोन्ही स्प्रॉकेटवर सरळपट्टी धरा, एका पातळीत नसतील तर चेन कडेने घासून मरते. केमच्या मागे सुयांचं थ्रस्ट बेअरिंग येणारा सेट घेतला असेल तर त्याच्या जाडीएवढं ब्लॉकचं तोंड मशीन करायला लागतं का ते आधी वाचा, नाहीतर वरचा स्प्रॉकेट पुढे येतो आणि मग पट्टी जुळत नाही. शिवाय डबल रोलर मूळ चेनपेक्षा रुंद असतो, पुढचं कव्हर आतून घासत नाही ना ते कव्हर पक्कं करायच्या आधी फिरवून बघा.

रोलर केम (ज्याच्यावर रोलरचे टॅपेट फिरतात) घालणार असाल तर केम बटन विसरू नका, जुन्या ब्लॉकमध्ये रोलर केमला पुढे येण्यापासून अडवायला काहीच नसतं. आणि १९८७ पासूनच्या रोलरवाल्या ब्लॉकचा केम स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका, त्याचं नाक वेगळं, बोल्ट वेगळे, तुमचा सेट त्यावर बसणारच नाही.

प्रश्न : मी नाशिकचा, बाइक मेकॅनिक. आमच्याकडे टायमिंग चेन वाजली की आधी टेन्शनर बघतो. मग या व्ही-एटमध्ये टेन्शनर का नाही लावत?

उत्तर : तुमच्या बाइकचा केम वर हेडमध्ये, त्यामुळे चेन खालून वरपर्यंत लांबलचक, तिला गाइड आणि टेन्शनर लागतोच. या जुन्या अमेरिकन इंजिनात केम ब्लॉकमध्ये क्रँकच्या वरच बसलाय, व्हॉल्व्हपर्यंत पुशरॉड जातात, चेन वीतभरच. दोन सेंटरमधलं अंतर बरोबर असेल तर टेन्शनरची गरज पडत नाही, आणि बरोबर नसेल तर वरच्या दादांसारखं पत्र लिहायला लागतं. आरएक्स १०० वाल्यांनी मात्र हसायला हरकत नाही, टू-स्ट्रोकला केमही नाही आणि ही चेनही नाही.