जुळ्या शीट एका टँकमध्ये घालू नकोस

चि. मित्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मोठ्या कॅमेऱ्याच्या चार बाय पाच इंची फिल्मच्या सुट्या शीट आता घरीच धुणार, म्हणजे डेव्हलप करणार म्हणतोस. धू की. चार शीटचा चपटा टँक घेतलास हे बरं केलंस. ट्रेमध्ये शीट वरखाली करत धुण्यात मजा आहे, पण एकीच्या कोपऱ्याने दुसरीवर ओरखडा निघायला हात जरासा डुलला तरी पुरे.

एक नियम आधीच सांगतो, बाकीचं विसरलास तरी चालेल. मनातल्या दृश्याच्या दोन शीट घ्यायच्या, अगदी सारख्या, कॅमेऱ्यात लावायच्या होल्डरच्या दोन बाजूंवर. आणि त्या दोघी एका टँकमध्ये कधीच घालायच्या नाहीत. मी घातल्या होत्या. पहाटेचं धुकं, त्यातलं एकच झाड, दोन तासांची खटपट. आणि घरी येऊन चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या आधी ते पक्कं करणारा फिक्सर ओतला. चारही शीट काचेसारख्या कोऱ्या निघाल्या! बाटल्या दिसायला सारख्या होत्या, दुसरं काही नाही. तेव्हापासून मी त्या ज्या क्रमाने लागतात त्याच क्रमाने मांडतो आणि टोपणांवर १, २, ३ लिहितो.

पण चूक झाली तर वाचावी, एवढ्याचसाठी दुसरी मागे ठेवायची नसते. पहिली वाळली की खिडकीशी धरून बघ. नेगेटिव्हवर आकाश फार दाट, म्हणजे काळं झालं असेल तर दुसरीला डेव्हलपरमध्ये दहा-पंधरा टक्के वेळ कमी दे. सावल्या मात्र कोऱ्याच असतील तर डेव्हलपरला दोष देऊ नकोस, तिथे मुळात प्रकाशच पोचलेला नाही. ते काम कॅमेऱ्याशी परत जाऊन करायचं. रोलवाल्यांना ही चैन नाही, छत्तीसच्या छत्तीस चित्रांना एकच वेळ.

आता अंधार. पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळ्या रंगांचा प्रकाश टिपणाऱ्या फिल्मला लाल दिवाही चालत नाही, पूर्ण काळोख हवा. सरावाला एक शीट बळी दे. ती आधी उजेडात टँकच्या होल्डरमध्ये सरकव, मग डोळे मिटून, मग दिवा घालवून. शीट उभी धरल्यावर कडेच्या खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात लागल्या की इमल्शन, म्हणजे प्रकाश टिपणारा थर, तुझ्या तोंडाकडे असतं. वीसेक वेळा केलंस की हे बोटांनाच कळायला लागेल. शीट दोन्ही बाजूंच्या खोबणीत बसली आहे का, हे नखाने चाचपून घे. एक बाजू सुटली तर ती हलवताना शेजारणीला जाऊन चिकटते, आणि मधे औषध न पोचलेला चंद्रकोरीसारखा डाग राहतो. चेंजिंग बॅगेत, म्हणजे हात आत घालून फिल्म हाताळायच्या काळ्या पिशवीत, दहा मिनिटांत हात घामेजतात. ओल्या बोटाचा ठसा इमल्शनवर उठतो, म्हणून जमलं तर रात्री बाथरूमच बरी. दाराखालच्या फटीला टॉवेल लाव आणि पाच मिनिटं नुसता उभा राहा. तोवर डोळे सरावतात आणि राहिलेली फट दिसते.

औषधात मात्र काटकसर नको. चार बाय पाचच्या चार शीट म्हणजे ८० चौरस इंच, छत्तीसच्या एका रोलएवढीच फिल्म. तुझ्या टँकमध्ये ४७५ मिली मावतं. रोडिनल हा डेव्हलपर १+१००, म्हणजे एका भागाला शंभर भाग पाणी, केलास तर त्यात मूळ औषध जेमतेम पावणेपाच मिली येतं. चार शीटना मला ते अपुरं वाटतं. १+५० कर, नाहीतर दोनच शीट घाल.

दुसरं, हे टँक भरायला वेळ लागतो. ओतण्यात अर्धं मिनिट गेलं आणि डेव्हलपिंगच पाच मिनिटांचं असलं, तर आकाशात पट्टा दिसणारच. म्हणून लांब वेळ निवड. एचपी५ प्लस फिल्मला आयडी-११ डेव्हलपरमध्ये, तो पाणी न घालता वापरला तर, २० अंशांवर साडेसात मिनिटं लागतात, तेच १+१ केलं की तेरा. मी तेरावालाच. पहिली तीस सेकंद सलग उलटा-सुलटा कर, मग दर मिनिटाला चार वेळा, आणि दर खेपेला टँक ओट्यावर हलकेच आपट म्हणजे बुडबुडे सुटतात. कॉकटेल हलवल्यासारखं नको, शीट सुटतात.

फिक्सर झाल्यावर शीटच्या पाठीवर जांभळट डाग दिसले तर घाबरू नकोस. होल्डर टेकतो तिथला रंगाचा थर धुतला गेलेला नसतो. ती शीट उजेडातच ट्रेमध्ये पुन्हा थोडा वेळ फिक्सरमध्ये ठेव, मग पाण्यात, डाग जातो. माझी पहिली अशी शीट मी फेकून दिली होती.

शेवटी पाण्याने धुण्याचं तुला येतंच. शेवटच्या पाण्यात वेटिंग एजंटचे, म्हणजे पाण्याचे डाग पडू न देणाऱ्या औषधाचे, दोन थेंब, जास्त नकोत, आणि शीट एका कोपऱ्याने टांग म्हणजे पाणी समोरच्या टोकाकडून ओघळतं. पंखा बंद. हात लावायचा नाही, वाळली असं वाटलं तरी अजून तासभर नाही.

वही ठेव: फिल्म, औषध, तापमान, वेळ, आणि जुळी कुठल्या होल्डरमध्ये आहे ते. पहिल्या चार शीटचं पान मला पाठव. स्कॅन नको, नेगेटिव्ह खिडकीशी धरून मोबाईलवर काढलेला फोटो पुरे.

कळावे.