‘पन्नासचे मन्वंतर’ म्हणजे काय?

निपचित पडलेली माय-लेकरे आणि भोवती कावळे, अशा एका चित्राखाली ‘पन्नासचे मन्वंतर’ अशी ओळ वाचून एका वाचकाने विचारले आहे, की मन्वंतर म्हणजे युगपालट, तर १९५० साली बंगालमध्ये असा कोणता पालट झाला? शंका रास्त आहे; पाटी लिहिणाऱ्याने बंगाली शब्द जसाच्या तसा उचलला आणि मराठीत येताच त्याचा अर्थ हरवला.

मनु आणि अंतर यांचा संधी होऊन मन्वंतर, म्हणजे पुराणांच्या हिशेबाने एका मनूच्या कारकिर्दीचा काळ. मराठीने त्यातला पालट तेवढा घेतला, म्हणून आपण ‘मनू पालटला’ म्हणतो आणि एखाद्या क्षेत्रात मन्वंतर घडले असे लिहितो, तेव्हा बहुधा कौतुकच असते. बंगालीत मात्र मन्वंतर म्हणजे महाभयंकर दुष्काळ. ‘दुर्भिक्ष’ हा शब्द तिथेही आहेच. पण कंपनी सरकारच्या अमलातला १७७० चा दुष्काळ ‘छियात्तरचे मन्वंतर’ आणि १९४३ चा ‘पन्नासचे मन्वंतर’ म्हणून ओळखला जातो. हे आकडे बंगाली सनातले आहेत, ११७६ आणि १३५०. आपण नाही का ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतो!

१९४३ चे ते दिवस चित्रकार जैनुल आबेदिन यांनी कलकत्त्याच्या रस्त्यांवर, स्वस्त वेष्टनाच्या कागदावर काळ्या शाईने रेखाटले. पुढे मुंबईत अंधेरीला राहिलेले चित्रकार चित्तप्रसाद बंगालमधल्या मेदिनीपूरची खेडी हिंडले. त्यांच्या चित्रांच्या पुस्तिकेच्या प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून नष्ट केल्या.

मग पाटीवर ‘दुष्काळ’ लिहावे का? लिहावे, पण हा शब्द ऐकताच मराठी माणूस आधी आभाळाकडे पाहतो, हे ध्यानात ठेवावे. बंगालमध्ये मात्र १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तिकडचा तांदूळ थांबला, शत्रूच्या उपयोगी पडू नयेत म्हणून किनाऱ्याकडच्या होड्या सरकारने काढून घेतल्या, आणि भाताचे भाव मजुराच्या आवाक्याबाहेर गेले. म्हणून मी ‘बंगालचा युद्धकालीन महादुष्काळ, १९४३’ असे लिहीन, आणि खाली बारीक अक्षरांत ‘बंगालीत : पन्नासचे मन्वंतर, बंगाली सन १३५०’ अशी ओळ देईन.