रोबो आला आणि मामांची झोप गेली

‘हे एआय आणि रोबो सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार म्हणतात, आमचं काय?’ मी समुपदेशक आहे. माझ्याकडे हल्ली असा आठवडा जात नाही, ज्यात हा प्रश्न आला नाही. पोरीला लातूरला क्लासला ठेवलेले आईवडील विचारतात, जालन्यात हिशेब लिहिणारा पदवीधर विचारतो, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांतले कामगार तर विचारतातच. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं, तेव्हा लोक त्याच्या गमती सांगायचे. आता आवाज खाली आणून विचारतात. म्हणून एका माणसाची गोष्ट सांगते. अनेक बैठकांचं बोलणं इथे थोडक्यात आणलंय आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

लाईनवरची पोरं त्यांना मामा म्हणतात, मीही तेच म्हणेन. वय ४६, मूळ गाव गंगापूर तालुक्यात, राहायला बजाजनगर. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला. मागोमाग सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या आल्या आणि आजूबाजूच्या गावांतली तरणी पोरं शेतातून शिफ्टमध्ये गेली. मामा त्यांच्यानंतरच्या पिढीचे. आयटीआयला वेल्डर ट्रेड केला, मग एकाच कंपनीत मिग वेल्डिंग, म्हणजे तार वितळवून लोखंड जोडायचं काम. त्यांना बायको घेऊन आली होती आणि सुरुवातीला तीच बोलली. “झोपत नाहीत. लेकरांच्या अंगावर वसकन येतात. रातभर मोबाइलवर रोबोचे व्हिडिओ बघायलेत.”

कंपनीने वेल्डिंगला दोन रोबो बसवले होते.

“कामावरून काढणार असं कुणी म्हणालं का?”

“न्हाई.”

“पगार कमी झाला?”

“न्हाई.”

“मग काय झालंय?”

“व्हणार हाय ना, मॅडम.”

माझी घडण अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारपद्धतीत झाली. या पद्धतीत आम्ही घटनेआधी विचार धरतो. माणसाला काय झालं यापेक्षा त्याबद्दल तो स्वतःशी काय बोलतो, तिकडे माझा कान असतो. मामा स्वतःशी बोलत होते ते असं: नोकरी जाणारच, गेली की सगळं संपलं, आणि आपल्या हातात काही नाही. ‘जाऊ शकते’ आणि ‘जाणारच’ यांत फरक आहे हे त्यांना समजलं, पण डोक्याने. झोप काही आली नाही. असं होतं तेव्हा मी मुद्दे मांडणं थांबवते. माणूस दाखवतोय त्याच्या खाली आणखी काहीतरी असतं.

ते एका बैठकीत असं वर आलं. मामा चिडून म्हणाले, “गावात ट्रॅक्टर आला तवा बैल गेले. बैलाला कुणी इचारलं का?”

“बैल गेले. वडिलांचं काय झालं?”

“वडलांचं काय व्हणार? ट्रॅक्टरवाला बाहेरचा. त्याला रान ठाव नव्हतं. वडील बांधावर उभं राहून सांगायचे, इथं खडक हाय, फाळ वर घे. तिकडं उतार हाय, आडवं नांगर.” एवढं बोलून ते थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही काही विचारलं नाही. असं गप्प बसता येणं ही या कामातली निम्मी कमाई आहे आणि ते मला बरं जमतं, एवढं मी म्हणेन.

मग ते म्हणाले, “मला बी तसंच उभं केलतं. पुण्याहून इंजिनिअर पोरं आली. मामा, टॉर्च कसा धरता? अँगल किती? कोपऱ्यावर हात कुठं थांबवता? समदं सांगितलं. त्यांनी पेंडंटवर, म्हंजी रोबोच्या रिमोटवर, एकेक पॉइंट भरला. रोबोनं पहिला पीस काढला, समद्यांनी टाळ्या वाजवल्या. माझं नाव कुणी घेतलं न्हाई. मीच शिकवलं त्याला, मॅडम.”

“राग कुणाचा येतो? रोबोचा?”

“माझा.”

इतके दिवस आम्ही भविष्याबद्दल बोलत होतो आणि दुखत होतं घडून गेलेलं. आपणच आपल्या पोटावर पाय दिला, आपण मूर्ख ठरलो, ही लाज त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. रात्रभर ते व्हिडिओ बघत होते तेही यासाठीच. रोबो अटळ आहे हे पटलं, की आपला दोष थोडा कमी होणार होता. ‘नोकरी जाईल’ म्हणत येणाऱ्या अनेकांत मला हेच आढळलंय. भीती उद्याची सांगतात, पण त्याआधी एखादा अपमान होऊन गेलेला असतो. साहेबाने सगळ्यांसमोर ‘हे तर मशीन दोन मिनिटांत करतं’ म्हटलेलं असतं, किंवा घरातल्या पोराने हसून म्हटलेलं असतं. ज्याला तो अपमान सापडला नाही, त्याला आकडेवारीने धीर देऊन उपयोग होत नाही.

मी वडिलांचा धागा पुढे नेणार होते, तेवढ्यात मामांनीच तो तोडला. “वडलांची जमीन व्हती, मॅडम. माझं तिथं काय हाय? मी सालगडी. ट्रॅक्टर आल्यावर आमचा सालगडी पुण्याला गेला, तो परत आला न्हाई.”

हे म्हणणं खोटं नव्हतं. यंत्र कुणाच्या मालकीचं आणि त्याचा फायदा कुणाला, हा खरा प्रश्न आहे. तो समुपदेशकाच्या खोलीत सुटत नाही. मी तसं स्पष्ट सांगितलं. खोटा धीर मी देत नाही. फक्त विचारलं, “रोबो काम चांगलं करतो का?”

मामा पहिल्यांदाच खुर्चीत सरळ बसले. “त्याला दिसत न्हाई, मॅडम. प्रेसचं टूल झिजलं की पार्टात गॅप येतो. मी हात जरा हलवून भरून घेतो. ते ठरल्या जागीच तार सोडतं, मग ब्लोहोल, जोडात भोकं. टॉर्चची टिप खराब झाली तरी चालूच. मला आवाजावरनं कळतं.”

“हे सुपरवायझरला माहितीये?”

“इचारलंच न्हाई त्यानं.”

“तुम्ही सांगितलं?”

इथून पुढचं काम सोपं होतं. त्यांनी सुपरवायझरला सांगितलं आणि पेंडंट शिकायला मागितलं. आधी ‘बघू’ झालं, महिनाभर काही हललं नाही, मग एक जण सुट्टीवर गेला आणि त्यांना उभं केलं. आज ते त्याच रोबोंच्या सेलवर आहेत. उद्याची खात्री नाही, पण झोप बरीच परत आलीय. एकदा त्यांनी मलाच विचारलं, “तुमचं काम बी आता एआय करतं म्हणे. तुम्हाला झोप लागती का?” लागते. मी मुद्दाम ते वापरून पाहिलंय. बोलतं गोड, रात्री दोनलाही हजर असतं. पण मी रडगाणं गायले की त्याची मान हलायचीच, आणि ‘वडिलांचं काय झालं’ असं त्याने मला एकदाही विचारलं नाही.

आता जे सगळ्यांनाच सांगते ते. कारखान्यातला पहिला रोबो अमेरिकेत जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात १९६१ मध्ये लागला. साच्यातून निघालेले तापलेले सुटे भाग उचलायचं काम त्याच्याकडे होतं. म्हणजे ही गोष्ट साठ वर्षांहून जुनी आहे. या काळात कामं गेली आणि कामं बदललीही. तेव्हा ‘नोकऱ्या जाणार का’ हा प्रश्न फार मोठा आहे, तो रात्री अंथरुणात सोडवू नका. त्याऐवजी कागद घ्या आणि दिवसभरात तुम्ही करता त्या कामांची यादी करा. ठरलेलं तेच ते कोणतं आणि बघून, ऐकून, समोरच्याशी बोलून ठरवायचं कोणतं, ते वेगळं करा. मामांची दुसरी यादी पहिलीपेक्षा लांब निघाली. सगळ्यांची तशी निघत नाही. ज्याची निघाली नाही, त्याने आत्ताच हालचाल करावी.

दुसरा कागद पैशाचा. मामांना घराचा हप्ता तोंडपाठ होता, पीएफमध्ये किती आहे ते माहीत नव्हतं. सलग पाच वर्षं सेवा झाली असेल तर ग्रॅच्युइटी मिळते, ती सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराच्या हिशेबाने. हे सगळं मांडल्यावर काम गेलं तर घर किती महिने चालेल ते दिसतं. महिने मोजता आले की ‘सगळं संपलं’ हे वाक्य टिकत नाही.

घरच्यांसाठी एवढंच: ‘काही होत नाही, उगाच विचार करता’ असं म्हणू नका. ते म्हटलं की माणूस बोलायचं बंद करतो आणि मोबाइल घेऊन बसतो. तो मोबाइल मात्र रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. भीतीचे व्हिडिओ एकदा बघितले की तसलेच पुढे येत राहतात.

लातूरच्या आईवडिलांना मी जेफ्री हिंटन यांचं सांगते. आजच्या एआयचा पाया घालणाऱ्यांपैकी हे शास्त्रज्ञ, २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले. २०१६ मध्ये ते म्हणाले होते, की क्ष-किरण चित्रं वाचणारे डॉक्टर घडवणं आता थांबवायला हवं, पाच वर्षांत एआय ते काम त्यांच्याहून चांगलं करेल. त्यांच्या अंदाजाची पाच वर्षं केव्हाच उलटली. एआय त्या खोलीत आलं, पण त्याच्याशेजारी डॉक्टर आजही बसलेला आहे आणि त्याची गरज संपलेली नाही. एवढ्या माणसाचा अंदाज चुकतो, तर व्हॉट्सॲपवरच्या मेसेजवरून पोरीची शाखा बदलू नका. तिला काय जमतं आणि काय करताना ती तहानभूक विसरते, ते तिलाच विचारा.

ज्यांचं काम खरंच गेलंय, त्यांना यातलं बरंचसं लागू नाही. त्यांना आधी दुःख करू द्या, शिकण्याचे सल्ले पंधरा दिवसांनी द्या. आणि झोप, भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ गेली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, औषधाची लाज धरू नका. ‘जगून काय करू’ असं बोलणं निघत असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नका. १४४१६ हा सरकारच्या टेली मानस सेवेचा मोफत नंबर आहे. तिथे मराठीत बोलता येतं आणि रात्रीही फोन उचलला जातो.