सनावळ्या पाठ, पुढे काय?

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवते. शाश्वत विकासाची कल्पना कशी घडली हे सांगताना १९७२ ची स्टॉकहोम परिषद, १९८७ चा ब्रुंटलांड आयोगाचा अहवाल, १९९२ ची रिओ परिषद, २०१५ ची संयुक्त राष्ट्रांची १७ उद्दिष्टं अशी नुसती यादी होते. 'पूर्वी लोकांना कळत नव्हतं, आता कळतं' एवढं लिहून मुलं मोकळी होतात. काय करू?

उत्तर : बाई, यादी पुसा आणि १७१३ पासून सुरुवात करा. हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ हा जर्मनीतल्या सॅक्सनीचा खाणींचा अधिकारी. चांदी वितळवायला लोणारी कोळसा हवा, त्याला लाकूड हवं आणि लाकडाची तर टंचाई. त्यानं त्या वर्षी पुस्तकच लिहिलं : उगवेल त्या बेतानं तोडा, लावत राहा. मग वर्गाला विचारा, याला टिकवायचं काय होतं? 'जंगल' असं उत्तर येईल. थोडं थांबा. कुणीतरी चुणचुणीत पोर 'चांदी!' म्हणेल. तास खरा तिथून सुरू होतो.

पुढे लाकडाच्याच हिशेबानं जर्मनीत स्प्रूस या एकाच सूचिपर्णी झाडाच्या रांगा उभ्या राहिल्या. वादळं आणि किडींपुढे त्या तग धरेनात. म्हणजे कळत होतं, पण फक्त लाकडापुरतं; 'पूर्वी कळत नव्हतं' हेही पुरतं खरं नाही.

माझा सगळ्यात लाडका टप्पा देवमाशांचा. देवमाशांच्या शिकारीबद्दलच्या १९४६ च्या आंतरराष्ट्रीय करारात देवमासे राखायचे, ते त्यांच्या शिकारीचा धंदा शिस्तीत वाढावा म्हणून! अंटार्क्टिकचा कोटा होता १६,००० 'निळे देवमासे'; 'निळा' हे मोजायचं एकक. एक निळा म्हणजे दोन फिन, अडीच हम्पबॅक किंवा सहा सेई (या देवमाशांच्या इतर जाती). कोटा सगळ्यांचा मिळून एकच; भरला की हंगाम बंद. वर्गाचे चार गट म्हणजे चार जहाजं करा आणि हाच नियम लावा. एका पाठलागात सर्वांत जास्त तेल निळ्यातून, त्यामुळे सगळे त्याच्याच मागे धावतील. नियम कुणीही मोडणार नाही आणि निळे आधी संपतील. हे एकक १९७२ मध्ये रद्द झालं, व्यापारी शिकार थांबवायचा ठराव १९८२ मध्ये आला.

ब्रुंटलांड आयोगाची १९८७ ची शाश्वत विकासाची व्याख्या (पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं) सगळेच सांगतात. तिच्या लगेच पुढे गरिबांच्या मूलभूत गरजांना सर्वोच्च प्राधान्य द्या असं म्हटलंय, ते मात्र गाळतात. स्टॉकहोमला इंदिरा गांधींनी गरिबीचा मुद्दा काढला होता, तो इथे जोडा. १७ उद्दिष्टं पाच मिनिटांत उरकली तरी चालतील.

आणि परीक्षेत व्याख्या विचारू नका. विचारा, कार्लोविट्झला १९४६ चा करार पटला असता का? मला वाटतं, पटला असता. मुलं यावर भांडतील, भांडू द्या.