बल्ब विझतो, व्हॉल्व्ह मात्र चालूच

प्रश्न : बीटी१३६ ट्रायॅकवर (एसी चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) २३० व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (कॉइलच्या चुंबकाने उघडणारा) चालवतो. बल्ब लावला तर नीट विझतो. व्हॉल्व्ह मात्र गेटचा (ट्रायॅक सुरू करणाऱ्या पायाचा) सिग्नल काढूनही चालूच राहतो. ट्रायॅक बदलून झाला. – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ट्रायॅक उगाच बदललात, तो बिचारा ठीकच असणार. व्हॉल्व्हच्या कॉइलमध्ये करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो. करंट शून्यावर येऊन ट्रायॅक बंद होतो तेव्हा व्होल्टेज बरंच चढलेलं असतं. ते एकदम अंगावर आलं की तो गेटविनाच पुन्हा सुरू होतो. एमटी१ आणि एमटी२ या ट्रायॅकच्या दोन मुख्य पायांमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर व ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये जोडा; व्होल्टेजची ही उसळी मंदावणारी जोडी म्हणजे स्नबर. कपॅसिटर एक्स२ वर्गाचा (थेट मेन्सवर लावण्यासाठीचा), २७५ व्होल्ट एसीचाच, भंगारातला नको. यातून बंद असतानाही सुमारे ७ मिलिअँपिअर वाहतात. तेवढ्यावर व्हॉल्व्ह गुणगुणत राहिला, तर सरळ बीटीए१६-६००बीडब्ल्यू हा स्नबर न लागणारा ट्रायॅक बसवा.