४५ अंशांच्या उन्हात अंगातली प्रथिनं शिजत कशी नाहीत?

यावलच्या ताईंनी दोन गोष्टी विचारल्यात. अंडं उकडताना प्रथिनातले बंध तुटतात, मग अमिनो आम्लं सुटी होतात का? आणि हायड्रोजन बंध (हायड्रोजनच्या मध्यस्थीने दोन गटांत बसणारी ओढ) इतका लेचापेचा असेल, तर मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वर गेल्यावर आपली प्रथिनं शाबूत कशी राहतात? त्यावर एका भाऊंनी लिहिलंय की आकार डायसल्फाइड बंधांनी, म्हणजे दोन सल्फर अणूंमधल्या बंधांनी, धरून ठेवलेला असतो. ते मला पटत नाही. का, ते पुढे सांगतो.

आधी अंडं. अमिनो आम्लांची साखळी ज्याने जोडलेली असते तो पेप्टाइड बंध उकळत्या पाण्याला दाद देत नाही. आम्हाला प्रयोगशाळेत तो मुद्दाम तोडावा लागायचा. ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात प्रथिन घालायचं, काचेच्या नळीतली हवा ओढून तिचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचं आणि ११० अंशांवर २४ तास ठेवायचं. तेव्हा कुठे साखळी सुटी होते, आणि त्यात ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाची वाट लागते ती वेगळीच. पोटात तेच काम ३७ अंशांवर होतं ते पेप्सिन-ट्रिप्सिन या पाचक विकरांच्या (एन्झाइमांच्या) जिवावर.

उकडताना मोडते ती साखळीची घडी, म्हणजे ती दुमडून घेते तो आकार. त्यात हायड्रोजन बंधासारखे दुबळे बंध असतात. कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल लागतात, हायड्रोजन बंधाला साधारण १० ते ३०. विद्यार्थी इथे काय करतात, तर प्रथिनातले सगळे हायड्रोजन बंध मोजतात आणि बेरीज मारतात. ही बेरीज फसवी आहे. साखळी उलगडली की तिचे एनएच (नायट्रोजन-हायड्रोजन) आणि सीओ (कार्बन-ऑक्सिजन) गट मोकळे बसत नाहीत, लगेच पाण्याशी हायड्रोजन बंध जोडतात. एका हाताने गेलं ते दुसऱ्या हाताने बरंचसं परत आलं. सगळा हिशोब मिटल्यावर घडी घातलेलं प्रथिन उलगडलेल्यापेक्षा मोलमागे जेमतेम २० ते ६० किलोज्यूलने सरस ठरतं. अख्ख्या प्रथिनाची पुंजी एवढीच!

मग घडी पडते कशामुळे? मुख्यतः पाण्यामुळे. ल्युसिन, व्हॅलिन, फेनिलअलॅनिन या अमिनो आम्लांच्या तेलकट बाजू पाण्याला टाळून आत गोळा होतात. वॉल्टर कॉझमन यांनी १९५९ साली यावर जोर दिला. पण आत शिरल्यावर पंचाईत होते. तिथे पाणी नाही, त्यामुळे एनएच आणि सीओ यांना आपसातच जोडी जमवावी लागते. त्या जोड्यांतून सर्पिल आणि पदर तयार होतात. पॉलिंग, कोरी आणि ब्रॅन्सन यांनी १९५१ साली अल्फा सर्पिल मांडलं, त्यात एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्लं बसतात आणि प्रत्येक सीओ साखळीत चार घरं पुढच्या एनएचला धरतो. पेप्टाइड बंध अर्धवट दुहेरी असल्याने ताठ राहतो, फिरायला जागा असते ती त्याच्या शेजारच्या दोन कोनांना. त्यातले कोणते कोन चालतात आणि कोणते नाहीत, याचा नकाशा मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली काढला. आजही नवी रचना त्यावरच तपासतात.

आता भाऊंचा मुद्दा. ख्रिश्चन अनफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज हे विकर घेतलं. १२४ अमिनो आम्लं, चार डायसल्फाइड बंध. आपण कपाशीला टाकतो तोच युरिया, फक्त शुद्ध, ८ मोलर म्हणजे लिटरमध्ये ४८० ग्रॅम. त्याने घडी उलगडली आणि मरकॅप्टोइथेनॉलने डायसल्फाइड तोडले. आधी युरिया काढून मग डायसल्फाइड जुळू दिले, तर विकराचं काम जवळजवळ पूर्ण परत आलं. युरिया असतानाच जुळू दिले, तर जेमतेम एक टक्का. आठ सिस्टीनच्या (डायसल्फाइड बांधणाऱ्या सल्फरवाल्या अमिनो आम्लांच्या) जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात. योग्य जोडी कोणती, हे दुबळ्या बंधांनी ठरवलं. डायसल्फाइडने ती फक्त पक्की केली. आणि हिमोग्लोबिनमध्ये तर एकही डायसल्फाइड नाही, तरी त्याचं काही अडत नाही.

राहिला उन्हाळा. हवा ४५ ची असली तरी घाम सुकतो तोवर शरीर आतून ३७ च्या आसपास असतं. उष्माघातात आतलं तापमान ४० च्या वर जातं आणि मग ती तुटपुंजी पुंजी कमी पडू लागते, नाजूक प्रथिनं आधी सैल होतात. पेशी त्यावर खास बचावाची प्रथिनं (हीट शॉक प्रोटीन) बनवते. ती सैल झालेल्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. फेरुचो रितोसा यांना याचा पहिला सुगावा १९६२ साली फळमाशीच्या गुणसूत्रांवर उमटलेल्या फुगवट्यांतून लागला.

अंड्यात मात्र हेच चिकटणं थांबवणारं कोणी नसतं. ८० अंशांच्या सुमारास ओव्हाल्ब्युमिन हे पांढऱ्या भागातलं मुख्य प्रथिन उलगडतं, एकाचा तेलकट भाग दुसऱ्याच्या तेलकट भागाला जाऊन भिडतो, सुटे सल्फर गट शेजाऱ्याशी डायसल्फाइड बांधतात आणि पिवळ्या बलकाभोवतीचा पारदर्शक भाग पांढरा घट्ट होतो. गार केल्यावर तो परत पातळ होत नाही तो या गुंत्यामुळे. साखळी मात्र आत अखंडच असते, उलट मोकळी झाल्याने पाचक विकरांना तिच्यापर्यंत पोचणं सोपं जातं. कच्चं अंडं फेटून पिणाऱ्या तालमीतल्या पोरांना हे जरूर सांगा, त्यातलं बरंचसं प्रथिन न पचताच पुढे निघून जातं.